महापेची वाट: बस, रिक्षा, टॅक्सी आणि कारागिराचा नफा

नवी मुंबईतील महापे हे नाव आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना परके नाही. मुंब्रा-कौसा येथील फॅब्रिकेशनवाला, धारावीत चामड्याचे हातमोजे शिवणारा कारागीर, गोवंडीत कामगारांचे गणवेश शिवणारा शिंपी, मस्जिद बंदरचा हार्डवेअर व्यापारी, भिवंडीचा कापडवाला, या सर्वांना कधी ना कधी महापेच्या कारखान्यांत जावे लागते. कोणी नमुना दाखवण्यास जातो, कोणी माल पोहोचवण्यास, तर कोणी थकलेल्या बिलाचा पाठपुरावा करण्यास. जाऊन आल्यावर बहुतेकांची तक्रार मात्र एकच असते. लोकलचे तिकीट स्वस्त पडले, पण स्थानकापासून कारखान्याच्या गेटपर्यंतच्या तीन-चार किलोमीटरांत पैसाही गेला आणि वेळही गेला.

ही तक्रार खरी आहे आणि तिच्यामागे कारणेही आहेत. ती समजून घेतली, तर महापेची फेरी निम्म्या खर्चात व ठरलेल्या वेळेत करता येते. लहान धंद्यात ही बाब किरकोळ नाही. मोठा पुरवठादार आपली गाडी व माणूस पाठवतो आणि तो खर्च किमतीत आधीच धरलेला असतो. आपला कारागीर मात्र स्वतः जातो. त्या दिवशी त्याचे यंत्र बंद असते, आणि रिक्षाचे भाडे कोणत्याच हिशेबात न लिहिता खिशातून जाते.

हा भाग असा का वसला?

महापे हे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे मूळचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची स्थापना १९६२ साली झाली. त्यानंतर या पट्ट्यात 'ट्रान्स ठाणे क्रीक' म्हणजे ठाणे खाडीपलीकडील औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. पत्त्यात आपण 'टी.टी.सी.' अशी अक्षरे वाचतो ती हीच. हे क्षेत्र उत्तरेस दिघ्यापासून दक्षिणेस नेरूळपर्यंत पसरलेले आहे. सुरुवातीला येथे मुख्यतः रसायनांचे व अभियांत्रिकीचे कारखाने होते. पुढे महापेत इलेक्ट्रॉनिक विभाग झाला आणि मिलेनियम बिझनेस पार्कसारखी कार्यालयांची संकुले आली.

कारखान्यांसाठी आखलेल्या भागात रस्ते ट्रकांसाठी असतात, पायी चालणाऱ्यांसाठी नसतात. भूखंड मोठे, दोन गेटांमधील अंतर मोठे आणि कामगारांना आणण्यासाठी कंपन्यांच्या स्वतःच्या बसगाड्या. बाहेरून येणाऱ्या लहान माणसाचा विचार त्या आखणीत फारसा नव्हता.

सार्वजनिक वाहने तर फार उशिरा आली. नवी मुंबईसाठी सुरू झालेली बी.एम.टी.सी. ही बससेवा १९८४ साली बंद पडली आणि भार एस.टी.वर आला. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ मध्ये अस्तित्वात आली, आणि तिची परिवहन सेवा, म्हणजे एनएमएमटी, २३ जानेवारी १९९६ रोजी सुरू झाली. ठाणे-वाशी रेल्वेमार्ग प्रवाशांसाठी खुला झाला तो २००४ च्या नोव्हेंबरात. म्हणजे कारखाने आधी, बस नंतर आणि रेल्वे सर्वांत शेवटी, असा उलटा क्रम येथे घडला.

त्यात भूगोलाची भर पडली. रेल्वेमार्ग व वसाहती ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेस आहेत आणि एमआयडीसी पूर्वेस, पारसिकच्या डोंगराकडे. त्यामुळे गाडीतून उतरल्यावर हा मोठा रस्ता ओलांडून आत जावे लागते. बसगाड्या मुख्य रस्त्यावर भरपूर, पण आतल्या रस्त्यांवर कमी. आपल्या शेवटच्या तीन-चार किलोमीटरांची अडचण येथूनच सुरू होते.

आधी पत्ता वाचा, मग घर सोडा

बरीच चूक घरातच होते. व्हिजिटिंग कार्डावर 'टी.टी.सी. इंडस्ट्रियल एरिया, नवी मुंबई' एवढेच वाचून माणूस निघतो. पण दिघा आणि नेरूळ या दोन टोकांत अनेक स्थानकांचे अंतर आहे. म्हणून भूखंडाच्या क्रमांकाआधीचे अक्षर पाहावे. साधारणपणे 'आर' अक्षराचे भूखंड रबाळे भागात, 'ए' व 'ईएल' हे महापे भागात, 'सी' हे पावणे भागात, तर 'डी' हे तुर्भे, शिरवणे व नेरूळच्या बाजूस सापडतात. यातील 'ईएल' म्हणजे इलेक्ट्रॉनिक विभाग.

या अक्षरावरून उतरायचे स्थानक ठरवता येते. 'आर' असेल तर रबाळे. 'ए' किंवा 'ईएल' असेल तर घणसोली अथवा कोपरखैरणे. 'सी' असेल तर कोपरखैरणे अथवा तुर्भे. 'डी' असेल तर तुर्भे, जुईनगर किंवा नेरूळ. हा नियम सरसकट नाही, अपवाद आहेत. म्हणून निघण्यापूर्वी कारखान्याच्या गेटवर किंवा खरेदी विभागात फोन करून तीन प्रश्न विचारावेत. जवळचे स्थानक कोणते? जवळची खूण कोणती, एखादी मोठी कंपनी, बँक, अग्निशमन केंद्र की चौक? आणि पुरवठादारांना भेटण्याची वेळ कोणती? येथील बऱ्याच कारखान्यांत माल उतरवून घेण्याची वेळ ठरलेली असते आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असे नाही. हा एक फोन न केल्यामुळे अख्खा दिवस वाया जाऊ शकतो.

कोणत्या गावाहून कसे यावे?

मस्जिद बंदर, शिवडी, कुर्ला, गोवंडी या बाजूने येणाऱ्यांनी हार्बर मार्गाने वाशी अथवा सानपाडा गाठावे आणि तेथे ठाण्याकडे जाणारी गाडी धरावी. सानपाड्यानंतर तुर्भे, कोपरखैरणे व घणसोली ही स्थानके क्रमाने येतात.

भिवंडीच्या मंडळींनी बसने ठाणे गाठणे सोयीचे. ठाणे स्थानकात नवी मुंबईच्या गाड्या ९ व १० क्रमांकांच्या फलाटांवरून सुटतात. येथून वाशीची असो, नेरूळची असो वा पनवेलची असो, कोणतीही गाडी घणसोली व कोपरखैरण्याला थांबते, त्यामुळे पहिली येईल ती पकडावी. परतीच्या वेळी मात्र सावध राहावे. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या तुर्भ्यानंतर दोन दिशांना फुटतात. एक वाशीला जाते, दुसरी जुईनगर-नेरूळकडे. कुर्ला-गोवंडीकडे जाणाऱ्याने पाटी न पाहता गाडी पकडली, तर तो भलतीकडे पोहोचतो.

पनवेलच्या बाजूने येणाऱ्यांना पनवेल-ठाणे गाडी सरळ कोपरखैरणे व घणसोलीस सोडते.

कल्याण-डोंबिवलीहून शिळफाटामार्गे महापेकडे थेट बस मिळतात. रेल्वेने ठाण्याला वळसा घालण्यापेक्षा हे अंतर कमी आहे.

मुंब्रा-कौसा येथील बांधवांपुढे दोन वाटा आहेत. रस्त्याने शिळफाट्यावरून डोंगर ओलांडला की महापे जवळच आहे. दुसरी वाट रेल्वेची. मुंब्र्याहून ठाणे आणि ठाण्याहून घणसोली. नकाशावर रस्ता सरळ व छोटा दिसतो, पण शिळफाटा हा कल्याण, मुंब्रा, पनवेल व महापे या दिशांच्या अवजड वाहनांचा नाका आहे. तेथे कोंडी झाली की छोटा रस्ता लांब होतो. म्हणून भेटीची वेळ पक्की असेल तर रेल्वे धरावी. सोबत माल असेल आणि वेळेचे बंधन नसेल, तर रस्त्याने जावे, तेही सकाळ-सायंकाळची गर्दी टाळून.

शेवटचे तीन-चार किलोमीटर

आता मुख्य मुद्दा. स्थानकातून गेटपर्यंत चार मार्ग आहेत. बस, शेअर रिक्षा, मीटरची रिक्षा आणि टॅक्सी.

बस सर्वांत स्वस्त. एनएमएमटीच्या मोबाइल ॲपवर बसचे मार्ग पाहता येतात आणि बस कोठे आली आहे तेही कळते. ज्यांच्याकडे असा फोन नाही, त्यांनी थांब्यावरील कामगारांना विचारावे. रोज येणाऱ्या माणसाला बसची वेळ तोंडपाठ असते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१८ साली महापे येथे ठाणे-बेलापूर रस्त्यावर भुयारी मार्ग झाला. त्यातून जाणारी वाहने चौकात थांबत नाहीत. म्हणून चढताना वाहकाला नुसते 'महापे' न म्हणता चौकाचे किंवा कंपनीचे नाव सांगून, बस तेथे थांबते का हे विचारून घ्यावे.

शेअर रिक्षा ही या भागाची खरी सोय. घणसोली व कोपरखैरणे स्थानकांबाहेरून त्या महापेच्या दिशेने जातात. भाडे सीटवर असते. ते बसण्यापूर्वी शेजारच्या प्रवाशाला विचारावे, कारण चालकापेक्षा तो निःपक्ष असतो. शेअर रिक्षा ठरलेल्या वाटेनेच जाते. आपले गेट त्या वाटेपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर असेल, तर उतरून चालावे. 'आत सोड' म्हटले की सीटचे भाडे संपते आणि 'स्पेशल'चे सुरू होते.

मीटरच्या रिक्षाचा हिशेब आपण स्वतः करू शकतो. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ रोजी लागू झालेल्या दरपत्रकानुसार पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ रुपये व काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये. पुढे प्रत्येक किलोमीटरला रिक्षाचे १७ रुपये १४ पैसे आणि टॅक्सीचे २० रुपये ६६ पैसे. या दराने ४ किलोमीटरला रिक्षाचे सुमारे ६९ रुपये व टॅक्सीचे सुमारे ८३ रुपये होतात. ८ किलोमीटरला हेच आकडे सुमारे १३७ व १६५ होतात. थांबून राहण्याचे व रात्री बारानंतरचे जादा आकार वेगळे. दर पुढे बदलले तरी हिशेबाची रीत हीच राहील. अंतर माहीत असेल, तर चालकाने सांगितलेला आकडा वाजवी की नाही हे जागच्या जागी कळते.

तीन माणसे एकत्र असतील, तर ६९ रुपयांची रिक्षा माणशी २३ रुपयांना पडते. एकाच मोहल्ल्यातील दोन-तीन कारागिरांनी महापेचा दिवस एकच ठरवला, तर मीटरची रिक्षाही परवडते. आपल्याकडे असे एकमेकांना विचारून निघण्याची सवय कमी आहे. ती लावून घ्यावी.

रिक्षाचालकाने विनाकारण भाडे नाकारणे हा मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. तरी चालकाची बाजूही समजून घ्यावी. कारखान्यांच्या आतल्या रस्त्यावरून त्याला परतीचे भाडे मिळत नाही आणि तो रिकामा येतो. म्हणून वाद घालण्यापेक्षा काम अर्ध्या तासाचे असेल तर थांबण्याचे व परतीचे मिळून आधीच ठरवावे. उघड लूट होत असेल, तर गाडीचा क्रमांक, वेळ व ठिकाण लिहून घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी.

टॅक्सी केव्हा घ्यावी? ॲपवरील टॅक्सीने मुंबईहून थेट गेटपर्यंत जाता येते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून वाशी व ऐरोली टोलनाक्यांवर मोटारींना पथकर माफ आहे. तरीही एकट्याने टॅक्सी करणे लहान धंद्याला झेपत नाही. जेव्हा नमुने नाजूक आहेत, दोन-तीन माणसे सोबत आहेत किंवा मोठ्या कामाची बोलणी आहेत आणि उशीर म्हणजे नुकसान आहे, तेव्हाच ती घ्यावी. जातानाच टॅक्सी करावी आणि येताना लोकलने यावे, हा मधला मार्ग चांगला. ॲपवर केवळ 'महापे एमआयडीसी' असे टाकू नये. कंपनीचे नाव व गेट टाकावे, नाहीतर गाडी दुसऱ्याच कोपऱ्यात थांबते. रिक्षाने मुंबई शहरात परतण्याचा विचार तर करूच नये. मुंबई बेटात रिक्षांना प्रवेश नाही.

माल सोबत असेल तर

हातात मावणारी पिशवी असेल तर लोकल व बस ठीक. त्याहून मोठा गठ्ठा असेल, तर लोकलच्या मालडब्यातून, सामानाचे तिकीट काढून न्यावा. प्रवासी डब्यात गठ्ठा कोंबला, तर दंडही होतो आणि लोकांचा त्रासही होतो. रिक्षात जड लोखंडी वस्तू नेणे धोक्याचे असून चालकही तयार होत नाही. अशा वेळी 'छोटा हत्ती' टेम्पो करावा. त्याचे भाडे ठरवताना चढवणे, उतरवणे, थांबणे व परतीची फेरी हे चारही मुद्दे बोलून घ्यावेत. दोन कारागिरांचा माल एकाच दिशेला असेल, तर एक टेम्पो दोघांना पुरतो.

वाहन कोणतेही असो, बिल किंवा चलन मालासोबत असावे. राज्यांतर्गत वाहतुकीत मालाची किंमत १ लाख रुपयांवर असेल, तर ई-वे बिल लागते. गेटवर कागद अपुरा निघाला, तर भाडे देऊन माल परत आणावा लागतो.

फेरीचा हिशेब लिहा

आता या सर्वांचा धंद्याशी संबंध पाहू. समजा, एका कारागिराला महापेच्या कारखान्याकडून ६,००० रुपयांचे काम मिळाले आणि मजुरी व माल वजा जाता त्याला १,२०० रुपये सुटणार आहेत. नमुना दाखवण्यास एक फेरी, माल देण्यास दुसरी व बिलासाठी तिसरी. प्रत्येक फेरीत स्थानक ते गेट 'स्पेशल' रिक्षाने जाऊन-येऊन १५० रुपये गेले, तर तीन फेऱ्यांचे ४५० रुपये झाले. लोकलचे तिकीट व बुडालेले तास वेगळेच. म्हणजे नफ्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग या तीन-चार किलोमीटरांनीच खाल्ला. हाच माणूस शेअर रिक्षाने ये-जा करून प्रत्येक फेरी ५० रुपयांत भागवू शकला, तर ३०० रुपये वाचतात. महिन्यात अशी चार कामे केली, तर १,२०० रुपये, म्हणजे एका पूर्ण कामाचा नफा हाती राहतो.

यासाठी तीन सवयी पुरेशा आहेत. पहिली, दर सांगताना फेऱ्यांचा खर्च किमतीत धरावा. त्यात संकोच नसावा, मोठे पुरवठादारही तेच करतात. दुसरी, फेऱ्याच कमी कराव्यात. नमुन्याचे छायाचित्र आधी फोनवर पाठवून मंजुरी घ्यावी, आणि बिलाची रक्कम धनादेशाऐवजी थेट बँक खात्यात मागावी, म्हणजे तिसरी फेरी उरत नाही. तिसरी, एका फेरीत दोन-तीन कामे जोडावीत. महापेहून तुर्भ्याचे कृषी उत्पन्न बाजार आवार जवळ आहे. मसाला, धान्य अथवा सुक्या मेव्याची खरेदी असेल, तर ती त्याच दिवशी उरकता येते. शुक्रवारी भेट ठरवताना सकाळचीच वेळ मागावी, म्हणजे जुम्याच्या नमाजाच्या वेळी कोंडीत अडकण्याची पाळी येत नाही.

इतरत्र काय करतात?

शेवटच्या टप्प्याची अडचण केवळ आपल्याकडची नाही. स्वित्झर्लंडमधील झेरमाट हे आल्प्स पर्वतातील बर्फावरच्या खेळांचे गाव. तेथे पेट्रोलच्या मोटारींना प्रवेश नाही. पाहुणा पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे गाडी ठेवतो, तेथून छोट्या रेल्वेने गावात जातो आणि पुढे विजेवरच्या बस व टॅक्सी त्याला उतरायच्या जागी सोडतात. आपले माथेरानही असेच आहे, खासगी मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. अशा ठिकाणी वाहन कोठे सोडायचे, पुढे काय मिळेल व किती पडेल हे पाहुण्याला आधीच ठाऊक असते. औद्योगिक क्षेत्रात ती माहिती आपल्याला आपणच गोळा करावी लागते.

तरी काही गोष्टी मागता येतील. अनेक कंपन्यांच्या बस स्थानकावरून कामगारांना नेतात. ठरलेल्या दिवशी येणाऱ्या पुरवठादाराला तीत बसू द्यावे, अशी विनंती खरेदी अधिकाऱ्याला करण्यास हरकत नाही. आतल्या रस्त्यांवर बसफेऱ्या वाढवाव्यात, असे निवेदन व्यापारी संघटनांनी एनएमएमटीकडे द्यावे. एकट्याच्या अर्जापेक्षा पन्नास सह्यांच्या अर्जाला वजन असते.

ही मागणी आजच करणे का गरजेचे आहे तेही पाहावे. रत्ने व दागिने निर्यात प्रोत्साहन परिषदेने महापे येथे ज्वेलरी पार्क उभारण्याचे काम हाती घेतले असून त्याची पायाभरणी २०१९ साली झाली. झवेरी बाजार व काळबादेवीच्या अरुंद खोल्यांत बसणारे कारागीर उद्या महापेकडे आले, तर आज महिन्यातून दोनदा करावी लागणारी ही वाट त्यांना रोज दोनदा करावी लागेल. मग स्थानक ते गेट हा खर्च एखाद्या कामाच्या नफ्यातून नव्हे, तर दरमहाच्या पगारातून जाईल.

तोपर्यंत आपल्या हाती आहे ते करावे. पत्त्यातील अक्षर पाहून स्थानक ठरवावे. निघण्यापूर्वी फोन करावा. शेअर रिक्षाची वाट माहीत करून घ्यावी. दोघा-तिघांनी मिळून जावे. आणि प्रत्येक फेरीचा खर्च त्या-त्या कामाच्या पानावर लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी ती वही उघडली, की कोणत्या गिऱ्हाइकाचे काम खरोखर फायद्याचे आहे आणि कोणाचे काम रस्त्यातच संपते, हे त्या पानांवरूनच कळेल.